आठ मिनिटांचा हिशेब

तारीख १२ जानेवारी २०२०. रियाधहून वादी अद-दवासिरकडे जाणारा डाकार रॅलीचा सातवा टप्पा सुरू होता. या टप्प्याच्या २७६व्या किलोमीटरवर पोर्तुगालचे पाउलो गोन्साल्विस मोटारसायकलवरून पडले. आयोजकांनी नंतर प्रसिद्ध केलेल्या निवेदनानुसार, १० वाजून ८ मिनिटांनी नियंत्रण कक्षाला धोक्याचा इशारा मिळाला आणि १० वाजून १६ मिनिटांनी वैद्यकीय हेलिकॉप्टर त्यांच्यापाशी उतरले. तोपर्यंत त्यांच्या हृदयाची क्रिया थांबलेली होती. जागेवरच पुनरुज्जीवनाचे प्रयत्न झाले, मग त्यांना लैला येथील रुग्णालयात हलवण्यात आले. तेथे त्यांना मृत घोषित करण्यात आले. ते ४० वर्षांचे होते आणि ही त्यांची तेरावी डाकार होती.

या घटनेचा भारताशी संबंध आहे, कारण गोन्साल्विस ज्या मोटारसायकलवर होते ती ‘हिरो’ या भारतीय कंपनीच्या संघाची होती. २०१५ मध्ये ते या शर्यतीत दुसरे आले होते आणि २०१३ मध्ये रॅली प्रकाराचे विश्वविजेते होते. असा नामवंत स्वार २०१९ मध्ये एका तुलनेने नवख्या भारतीय संघाकडे आला, ही त्या वेळी संघाच्या दृष्टीने मोठी कमाई मानली गेली. त्याच डाकारच्या तिसऱ्या टप्प्यात त्यांचे इंजिन निकामी झाले, तेव्हा साहाय्य करणारा ट्रक येईपर्यंत ते वाळवंटात थांबून राहिले, इंजिन बदलले आणि शर्यतीत परतले. जिंकण्याची आशा तेव्हाच संपली होती, तरीही त्यांनी माघार घेतली नाही. रॅलीच्या जगात अशा माणसाला जी प्रतिष्ठा मिळते, ती विजेत्यापेक्षा कमी नसते.

त्या दिवशी गोन्साल्विस यांच्यापाशी प्रथम थांबलेल्यांत ऑस्ट्रेलियाचे टोबी प्राइस होते. प्राइस हे आदल्या वर्षीचे विजेते, त्या वर्षीही विजेतेपदाचे दावेदार आणि प्रतिस्पर्धी कंपनीचे स्वार. तरीही गोन्साल्विस यांना तेथून हलवले जाईपर्यंत ते जागचे हलले नाहीत. डाकारचा नियम असा की, जखमी स्पर्धकासाठी थांबलेल्याचा वेळ मोजून नंतर परत दिला जातो. थांबणाऱ्याचे नुकसान होऊ नये, याची तजवीज शर्यतीच्या नियमांतच आहे. या नियमाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

दुसऱ्या दिवशीचा मोटारसायकलींचा टप्पा रद्द झाला. हिरोच्या संघाने उरलेल्या शर्यतीतून माघार घेतली. संघातले ज्योआकिम रॉड्रिग्ज हे गोन्साल्विस यांचे मेहुणे. त्यांच्यासाठी हा केवळ सहकाऱ्याचा मृत्यू नव्हता.

एखादी भारतीय कंपनी या वाटेला गेलीच का, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जायला हवे. डाकारचा जन्म एका हरवलेल्या माणसातून झाला. फ्रान्सचे तिएरी साबिन १९७७ मध्ये आबिजान-नीस शर्यतीत लिबियाच्या वाळवंटात वाट चुकले, मरता मरता वाचले, आणि परतल्यावर त्यांनी हाच अनुभव इतरांनाही घेता यावा, असे ठरवले. (माणसाला मृत्यूच्या दारातून परतल्यावर काय काय सुचते, याचे हे एक विलक्षण उदाहरण.) २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून सेनेगलच्या डाकारकडे पहिली शर्यत निघाली. १९८६ मध्ये माली येथे शर्यतीदरम्यानच हेलिकॉप्टर कोसळून साबिन यांचा मृत्यू झाला. २००८ मध्ये मॉरिटानियातील हिंसाचारामुळे शर्यत ऐनवेळी रद्द करावी लागली, २००९ पासून ती दक्षिण अमेरिकेत गेली आणि २०२० पासून सौदी अरेबियात आली. आता ती डाकारला जात नाही. नाव मात्र तेच राहिले. सौदी राजवट आपली जागतिक प्रतिमा उजळण्यासाठी क्रीडास्पर्धांवर पैसा ओतते, ही टीका डाकारलाही लागू आहे आणि ती गैरवाजवी नाही.

भारतीय स्वार या शर्यतीत पूर्ण अंतर कापून पोहोचला तो २०१५ मध्ये. बेंगळुरूचे सी. एस. संतोष त्या वर्षी ३६वे आले. २०१७ मध्ये हिरोने स्वतःचा संघ उतरवला, तेव्हा संतोष आणि रॉड्रिग्ज हे दोघे त्याचे स्वार होते. मोटारसायकल जर्मनीतील स्पीडब्रेन या संस्थेच्या मदतीने घडवलेली होती. पहिल्याच वर्षी रॉड्रिग्ज दहावे आले, संतोष ४७वे. पुढच्या वर्षी पेरूमध्ये पहिल्याच टप्प्यात वाळूच्या टेकडीवरून झेपावताना रॉड्रिग्ज पडले आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली; त्याच वर्षी संघाचे स्पॅनिश स्वार ओरिओल मेना मात्र सातवे आले. एका संघाच्या दोन तंबूंमध्ये एकाच वेळी आनंद आणि इस्पितळाचा कागद, ही डाकारची रीतच आहे.

ही शर्यत म्हणजे नुसता वेग, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. स्वार पहाटे उठतो, अंधारात शेकडो किलोमीटरचा जोडरस्ता कापून खऱ्या शर्यतीच्या प्रारंभबिंदूवर येतो, मग वेळ मोजला जाणारा ‘विशेष’ टप्पा पार करतो आणि पुन्हा जोडरस्त्याने तळावर पोहोचतो. मार्ग त्याला आधी माहीत नसतो. पूर्वी मार्गपुस्तिका आदल्या संध्याकाळी मिळे आणि श्रीमंत संघांचे नकाशातज्ज्ञ रात्रभर उपग्रहचित्रे ताडून पाहत. आता ती शर्यतीच्या सकाळीच हाती पडते. तिच्यात दिशा, अंतर आणि धोक्याच्या खुणा असतात, त्याही सांकेतिक. ताशी शंभरहून अधिक वेगाने, उभ्याने मोटारसायकल चालवताना ही चिन्हे वाचायची, होकायंत्राचा अंश जुळवायचा आणि समोरची वाळू घट्ट आहे की भुसभुशीत हे तिच्या रंगावरून ओळखायचे. जो पुढे निघतो त्याला चाकोरी मिळत नाही. जो मागून येतो त्याला ती आयती मिळते. म्हणून टप्पा जिंकणे ही दुसऱ्या दिवशीची शिक्षाही ठरते. मॅरेथॉन टप्प्यात तर रात्री यांत्रिकांची मदतही नसते. स्वाराने दमलेल्या हातांनी आपले यंत्र स्वतःच सावरायचे.

अशा शर्यतीत संघाचे काम दिसत नाही, कारण ते रात्री चालते. स्वार झोपल्यावर यांत्रिक मोटारसायकल उघडतात, गाळणीत साचलेली वाळू काढतात, साखळी, क्लच, टायर बदलतात आणि उजाडण्यापूर्वी ती पुन्हा जोडून ठेवतात. दोन आठवडे हेच. दिवसभर ट्रक हाकून तळ गाठणारा माणूसच अनेकदा रात्री पाना हातात घेतो. छायाचित्रे स्वाराची निघतात.

२०२१ मध्ये संघ पुन्हा सौदीत उतरला. त्या वर्षी मोटारसायकलस्वारांना हवेने फुगणारे संरक्षक जाकीट सक्तीचे करण्यात आले होते. ६ जानेवारीला, वादी अद-दवासिरहून रियाधकडे येणाऱ्या चौथ्या टप्प्यात संतोष पडले. डोक्याला मार बसला होता. त्यांना हेलिकॉप्टरने रियाधच्या रुग्णालयात नेण्यात आले आणि डॉक्टरांनी औषधांच्या साहाय्याने त्यांना बेशुद्धावस्थेत ठेवले. एका वर्षाच्या आत त्याच संघावर, त्याच मार्गाच्या उलट दिशेने, पुन्हा तीच वेळ आली होती. यावेळी मात्र स्वार वाचला. संतोष शुद्धीवर आले, भारतात परतले. त्याच शर्यतीत फ्रान्सचे पिएर शेर्पें वाचू शकले नाहीत. तेव्हा यंत्रणा चोख असली की प्राण वाचतातच, असे म्हणता येणार नाही. गोन्साल्विस यांच्याकडे मदत आठ मिनिटांत पोहोचूनही ते गेले. आठ मिनिटांनी हमी मिळत नाही. मिळते ती संधी.

त्यानंतरची गोष्ट क्रीडापानांवर येऊन गेली आहे, म्हणून थोडक्यात. ४ जानेवारी २०२२ रोजी रॉड्रिग्ज यांनी तिसरा टप्पा जिंकला. भारतीय कंपनीच्या मोटारसायकलने जिंकलेला तो डाकारमधला पहिला टप्पा. कणा जायबंदी झालेला आणि मेहुणा गमावलेला माणूस तो जिंकतो, याला योगायोग म्हणा वा जिद्द. २०२४ मध्ये बोट्सवानाचे रॉस ब्रांच यांनी याच संघाकडून पहिला टप्पा जिंकला आणि अखेरीस ते एकूण दुसरे आले. होंडाचे रिकी ब्रेबेक यांच्यापेक्षा १० मिनिटे ५३ सेकंद मागे. त्याच वर्षी ब्रांच रॅली-रेड प्रकाराचे विश्वविजेतेही झाले. त्याच डाकारमध्ये केरळमधील शोरनूरचे हरित नोआ यांनी टीव्हीएस आणि फ्रान्समधील शेरको यांच्या संयुक्त संघाकडून ‘रॅली-२’ हा गट जिंकला आणि एकूण क्रमवारीत अकरावे स्थान मिळवले. डाकारमध्ये कोणताही गट जिंकणारे ते पहिले भारतीय. पुण्याचे संजय टकले यांनीही २०२५ मध्ये जुन्या गाड्यांच्या ‘डाकार क्लासिक’मध्ये भाग घेतला. मोटार उद्योगाच्या या शहरातून कोणी तेथे जावे, याचे आश्चर्य नाही. इतक्या उशिरा जावे, याचे आहे.

आता प्रश्न असा विचारला जातो, आणि तो रास्त आहे: स्वार पोर्तुगाल, जर्मनी आणि बोट्सवानाचे, यंत्राचे घडवणारे हात बऱ्याच अंशी जर्मनीतले, मग यात भारतीय ते काय? माझे उत्तर अर्धे-अर्धे आहे. पैसा आणि जोखीम भारतीय आहे, आणि जयपूर व म्युनिकजवळच्या संशोधन केंद्रांमधून ज्ञान दोन्ही बाजूंना वाहते, हे नाकारता येत नाही. स्वस्त प्रवासी मोटारसायकली मोठ्या संख्येने बनवणाऱ्या देशाने सगळ्यात खडतर परीक्षेला बसावे, याला उद्योगधोरणाच्या दृष्टीने अर्थ आहे. जपानी कंपन्यांनी आपली तांत्रिक प्रतिष्ठा शर्यतींच्या मैदानातच कमावली. परंतु भारतीय स्वार घडवण्याची वाट अजूनही व्यक्तीच्या खिशातून आणि एखाद्या प्रायोजकाच्या मर्जीतून जाते. १९९९ पासूनची ‘रेड दे हिमालय’ आणि राजस्थानातील ‘डेझर्ट स्टॉर्म’ या स्पर्धांनी एक पिढी तयार केली. पण प्रायोजकाने हात आखडता घेतला की अशा स्पर्धांचे दिवे मिणमिणू लागतात. मोटारक्रीडेतील खेळाडूला अर्जुन पुरस्कार प्रथम मिळाला तो २०१९ मध्ये, रॅलीचालक गौरव गिल यांना. पुरस्कार मिळतो म्हणजे खेळ मान्य आहे. सराव कुठे करायचा, विमा कोण उतरवणार, या प्रश्नांना मात्र त्यातून उत्तर मिळत नाही.

उत्तर म्हणून थरच्या वाळवंटाकडे बोट दाखवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. थर रिकामे नाही. तेथे ओरण आहेत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली गायराने. मेंढपाळांच्या वाटा आहेत. शेवटच्या घटका मोजणारा माळढोक आहे, ज्याच्यासाठी विजेच्या तारांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शर्यतीला परवानगी द्यायची तर या सगळ्यांना विचारून, ठराविक मार्गांपुरती द्यावी लागेल.

पण मला या कहाणीत सर्वाधिक महत्त्वाचे वाटतात ते दोन आकडे: १०.०८ आणि १०.१६. हे आकडे आपल्याला माहीत आहेत, कारण ते कोणीतरी नोंदवले आणि जाहीर केले. स्पर्धकाच्या मोटारसायकलवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र असते; स्वार जागचा हलेनासा झाला की नियंत्रण कक्षाला कळते आणि स्वारही बटण दाबून मदत मागू शकतो. कुणाचा इशारा आला, हेलिकॉप्टर कधी निघाले, कधी पोहोचले, हे सगळे मिनिटांत लिहिले जाते. मृत्यू झाल्यावर आयोजकांना सर्वप्रथम या मिनिटांचाच जबाब द्यावा लागतो.

आता भारतातल्या मोटारसायकलस्वाराकडे पाहा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील ७४,८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे सुमारे ४४.५ टक्के. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले. ही माणसे कोणत्याही शर्यतीत नव्हती. ती कामावरून घरी चालली होती, मुलाला शाळेत सोडत होती, बाजारातून भाजी आणत होती. ज्या कंपन्यांचे झेंडे डाकारच्या तळावर फडकतात, त्यांचेच गिऱ्हाईक.

हेलिकॉप्टरची तुलना येथे करू नये. ती अन्यायाची होईल. काही शे स्पर्धकांसाठी, दोन आठवड्यांपुरती, प्रचंड खर्च करून उभी केलेली व्यवस्था दीड अब्ज लोकांच्या देशात जशीच्या तशी आणता येत नाही. जैसलमेरच्या रस्त्यावर डोक्याला मार लागलेल्या माणसाला मोठ्या रुग्णालयासाठी जोधपूर गाठायचे तर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, आणि ते रुग्णवाहिकेनेच कापावे लागणार. तुलना करायची ती हेतूची आणि हिशेबाची.

हेतू आपल्या कायद्यात आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली केलेल्या दुरुस्तीने ‘सुवर्ण तास’ म्हणजे गंभीर इजेनंतरचा एक तास, अशी व्याख्या केली आणि त्या तासातील विनारोकड उपचारांची योजना आखणे केंद्रावर बंधनकारक केले. हे कलम १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. योजना मात्र आली नाही. ८ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला मुदत घालून द्यावी लागली. तीही उलटली, आणि अखेर ५ मे २०२५ रोजी योजना अधिसूचित झाली: अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार. ज्या तासाला कायद्याने सुवर्ण म्हटले, त्याची व्यवस्था लावायला कलम लागू झाल्यापासून तीन वर्षे गेली.

आणि थांबणाऱ्याचे काय? टोबी प्राइस यांना ठाऊक होते की आपण थांबलो तर वेळ परत मिळेल. ठाऊक नसते तरी ते थांबले असते, असे मानायला जागा आहे. पण नियम सर्वांसाठी करायचे असतात, केवळ थोर माणसांसाठी नव्हे. भारतात जखमीला उचलणाऱ्याला पोलीस ठाण्याच्या आणि न्यायालयाच्या खेपांची धास्ती असे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अशा मदतकर्त्याच्या संरक्षणासाठीची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक ठरवली आणि २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४-अ आले. मदतकर्त्याचे नाव सांगण्याची सक्ती नाही, साक्षीदार होण्याची सक्ती नाही, रुग्णालयाने त्याला अडवून ठेवायचे नाही. पुढे २०२१ पासून पाच हजारांचे आणि नंतर पंचवीस हजार रुपयांचे बक्षीसही जाहीर झाले. बक्षिसाला माझी हरकत नाही. मात्र मजुरीवर निघालेल्या माणसाला बक्षिसापेक्षा आपला दिवस बुडणार नाही, याची खात्री अधिक हवी असते. डाकारचा नियम नेमके तेवढेच करतो: तो थांबणाऱ्याला काही देत नाही, त्याचे गेलेले परत करतो.

उरतो हिशेब. अपघातांची माहिती एकत्र करणारी संगणकीय यंत्रणा गेल्या काही वर्षांत देशभर उभी राहिली आहे. मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात रस्त्याचा प्रकार, वळण की सरळ, दिवसाचा कोणता प्रहर, मृताचे वय, वाहनाचे आयुर्मान, हवामान अशा नाना तऱ्हेचे तक्ते असतात. फोन किती वाजता आला, रुग्णवाहिका किती वाजता पोहोचली आणि रुग्णालयाच्या दारात किती वाजता उतरवले, हे तीन रकाने २०२२ च्या राष्ट्रीय तक्त्यांत नाहीत. १०८ क्रमांकाच्या सेवेकडे पहिल्या दोहोंची नोंद होतच असते. तिसरी रुग्णालयाच्या नोंदवहीत असते. ती एकत्र आणून जिल्हावार छापायला नवे हेलिकॉप्टर लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. पुढच्या अहवालात हे तीन रकाने आले, तर कोणत्या महामार्गावर कोणत्या किलोमीटरला रुग्णवाहिका उभी करायची, हे जिल्हाधिकाऱ्याला अंदाजाने ठरवावे लागणार नाही.